मोडलें, बुडालें, नाश पावलें

गेल्या महिन्यांत आमच्या चष्म्याची एक काच गेली. आमची नात तीन वर्षें पुण्यांत जपानी भाषा शिकत आहे. त्या आठवड्यांत तिला ‘घरांत घडलेली एक गोष्ट’ या विषयावर चार वाक्यें लिहून न्यावयाचीं होतीं, तेव्हां तिनें चष्म्याचीच गोष्ट लिहिली. वही परत आली तीं पहिल्याच वाक्याखालीं तांबडी रेघ घेऊन. शेजारीं शिकवणाऱ्या बाईंचा शेरा होता कीं, चष्मा म्हणजे कांहीं साम्राज्य नव्हे. मुलीनें कोशांत ‘नाश होणें’ हा अर्थ पाहून जो पहिला शब्द हातीं लागला तो वाक्यांत बसविला होता. तो शब्द ‘होरोबिरु’. हें क्रियापद जपानी माणूस राष्ट्र, राजवंश, घराणें, किंवा पृथ्वीच्या पाठीवरून नाहींशी झालेली एखादी प्राणिजाति यांच्यासाठीं राखून ठेवतो. आमच्या चष्म्यास तो मान मिळण्याजोगा नव्हता.

तांबड्या रेघा ओढण्यांतच ज्याचा जन्म गेला त्यास असा शेरा वाचून कोणता आनंद होतो, हें आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको. आम्हांस जपानी भाषा येते असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. नातीशेजारीं बसून जें कानावर पडलें, तिच्या कोशांत जें चाळलें आणि जें आम्हांस आमच्या संस्कृताच्या चष्म्यांतून (हा चष्मा अद्याप शाबूत आहे) दिसलें, तेवढेंच वाचकांपुढें मांडतों.

आपल्याकडे भांडें फुटतें, दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटतें, दूध नासतें, भिंत ढासळते, यंत्र बिघडतें आणि पेढी बुडते. दोरी फुटली असें कोणी म्हटलें तर घरांतलें चार वर्षांचें मूलही हंसेल. जपानी भाषेचा संसारही असाच आहे. काच, अंडें, मडकें यांस ‘वारेरु’. काठी आणि हाड यांस ‘ओरेरु’. कागद व कापड यांस ‘याबुरेरु’. ढिगाऱ्याला आणि डोंगराच्या कड्याला ‘कुझुरेरु’. दाबाखालीं चेंदामेंदा झालेल्या वस्तूस ‘त्सुबुरेरु’. आणि ज्या वस्तूचें काम करणें थांबलें तीस ‘कोवारेरु’. म्हणून चष्म्याची काच ‘वारेरु’, परंतु चष्मा ‘कोवारेरु’. मौज पुढें आहे. बाजारांतलें दुकान बुडालें तर जपानी माणूस म्हणतो तें चेंदलें. आभाळ भरून येऊं लागलें तर म्हणतो हवा ढासळली. खाण्यांत कांहीं वावगें आलें तर त्यानें आपलें पोट मोडलें असें होतें. आणि माणसाची उमेद खचली तर तिला काठीचें क्रियापद लागतें, काच फुटण्याचें नव्हे. आपणही ‘मन मोडलें’ म्हणतों, ‘मन फुटलें’ म्हणत नाहीं. समुद्रापलीकडच्या दोन अनोळखी भाषांस एकच गोष्ट एकाच रीतीनें सुचावी याचें आम्हांस नवल वाटलें.

‘याबुरेरु’ हा शब्द तर आम्हीं दोन दिवस मनांत घोळवीत ठेविला. त्याचा उच्चार एक, अक्षरें दोन. एका अक्षरानें लिहिला तर ‘फाटणें’, दुसऱ्यानें लिहिला तर ‘पराभूत होणें’. १६८९ सालीं बाशो हा कवि पायीं फिरत फिरत हिराइझुमी येथें पोंचला. तेथें पांचशें वर्षांपूर्वीं फुजिवारा घराण्याचें तीन पिढ्यांचें वैभव नांदलें व ११८९ सालीं लयास गेलें होतें. उरलें होतें तें गवत. बाशोस तेथें चीनमधील तु फु या आठव्या शतकांतील कवीची आठवण झाली आणि त्यास रडूं आलें, असें तो आपल्या प्रवासवर्णनांत सांगतो. तु फूची ती ओळ जपानी वाचनांत येते तेव्हां राष्ट्राला हेंच क्रियापद लागतें, आणि लिहितांना अक्षर येतें तें फाटण्याचें. पराभवाचें अक्षर शेजारींच तयार असतां तें घेतलेलें नाहीं.

देशी शब्दांवर चिनी अक्षरांतून आलेल्या जोडशब्दांचा थर चढला आहे; मराठीवर संस्कृताचा चढला आहे तसाच. मोडणें हें घरांतलें, ‘भंग’ हें पोथींतलें. त्याप्रमाणें ‘कोवारेरु’ हें घरांतलें आणि ‘हाकाइ’ हें वर्तमानपत्रांतलें. राष्ट्र नाहींसें होणें तें ‘मेत्सुबो’, एका माणसाचें आयुष्य धुळीस मिळणें तें ‘हामेत्सु’, दिवाळें निघणें तें ‘हासान’, मोठ्या घराण्यास उतरती कळा लागणें तें ‘बोत्सुराकु’, आणि सर्व झाल्यावर जीं पडकीं घरें उभीं राहतात तीं ‘हाइक्यो’. यांतील ‘मेत्सु’ हें अक्षर पाहण्यासारखें आहे. त्याच्या डाव्या अंगास पाणी आहे व पोटांत अग्नि आहे. विझविणें हा त्याचा अर्थ चित्रांतच दिसतो. आमच्या धातुपाठांत नश् धातूचा अर्थ ‘अदर्शन’ असा दिला आहे, म्हणजे दिसेनासें होणें. चिनी लेखकास मात्र नाश म्हटला कीं विझलेली आग दिसली. बौद्ध ग्रंथांचें भाषांतर करणाऱ्यांनीं आपल्याकडील ‘निरोध’ या शब्दासाठीं हेंच अक्षर निवडिलें, आणि भगवान बुद्धांच्या परिनिर्वाणास जपानी भाषेंत ‘न्यूमेत्सु’ म्हणजे ‘मेत्सूंत प्रवेश’ असें म्हणतात. तेंच अक्षर राष्ट्राच्या संहारास आणि तेंच परमशांतीस! निर्वाण म्हणजेही मूळांत विझणेंच, हें ध्यानांत घेतलें म्हणजे विस्मय कमी होतो. अगदीं नाहींसा मात्र होत नाहीं.

असे आपल्याकडून गेलेले पाहुणे त्या भाषेंत आणखीही आहेत. ‘नाराकु’ म्हणजे आपला नरक. पण जपानी नाटकगृहांत रंगभूमीच्या खालच्या तळघरासही नाराकु म्हणतात. सोंगें तेथूनच वर येतात. ‘ओशाका नि नारु’ याचा शब्दशः अर्थ ‘शाक्यमुनि होणें’. परंतु कारखान्यांत एखादी वस्तु बिघडून टाकाऊ झाली म्हणजे कारागीर असें म्हणतो. याच्या दोन कथा सांगतात. एक अशी कीं, ओतकाम करणाऱ्यास दुसऱ्या देवतेची मूर्ति ओतावयास सांगितली असतां त्यानें शाक्यमुनींची ओतून ठेविली. दुसरी अधिक गमतीची आहे. धातूचें काम ‘आंच फार झाल्यामुळें’ बिघडलें, हें वाक्य जुन्या एदो शहराच्या उच्चारांत ‘चौथ्या महिन्याची आठवी तारीख’ असें ऐकूं येत असे, आणि ती तारीख तेथें बुद्धजयंतीची मानितात. दोहोंपैकीं खरी कोणती याचा निर्णय करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. शब्दांच्या जन्मकथा बहुधा शब्दांचें बारसें झाल्यावर रचिल्या जातात, एवढें आम्हांस पस्तीस वर्षांच्या अध्यापनानें शिकविलें आहे.

आमच्या वाचकभगिनींस पुढील गोष्ट विशेष आवडेल. आपण नारळ फोडला तरी ‘वाढविला’ म्हणतों. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतों. जपानी घरांत नववर्षास तांदळाच्या पिठुळ गोळ्यांची एकावर एक अशी उतरंड देवापुढें ठेवितात. कांहीं दिवसांनीं, पुष्कळ ठिकाणीं ११ जानेवारीस, ती फोडून खावयाची असते. तो कडक झालेला गोळा हातोडीनेंच फोडावा लागतो. परंतु त्या विधीचें नांव आहे ‘कागामिबिराकि’, म्हणजे आरसा ‘उघडणें’. फोडणें हा शब्द त्या दिवशीं तोंडांतून काढावयाचा नाहीं. लग्नाची पंगतही तेथें संपत नाहीं, ‘उघडते’. व्यापारी आपल्या घरच्या खलास त्याचें साधें नांव घेत नाहींत. कारण त्यांतील ‘घोटणें’ या शब्दाचा उच्चार पैसा गमावण्याच्या शब्दासारखा होतो. म्हणून ते त्यास लाभसूचक निराळें नांव देतात. आमच्या मातोश्री हें ऐकावयास असत्या तर त्या म्हणाल्या असत्या, “मग ते लोक आपलेच कीं रे!”

आतां नातीच्या वहीकडे वळतों. तिनें ‘होरोबिरु’ खोडून ‘कोवारेता’ केलें आणि बाईंनीं बरोबरची खूण केली. वाक्य झालें, ‘आजोबांचा चष्मा मोडला.’ व्याकरण निर्दोष होतें. तरीही आम्हांस एक रेघ ओढावीशी वाटली. कारण चष्म्यावर कोण बसलें होतें हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. जपानी भाषेंत बहुतेक नाशवाचक क्रियापदें जोडीनें येतात. ‘कोवारेरु’ म्हणजे मोडणें, आपोआप. ‘कोवासु’ म्हणजे मोडून टाकणें, कोणीतरी. त्याचप्रमाणें होरोबिरु व होरोबोसु, त्सुबुरेरु व त्सुबुसु, कुझुरेरु व कुझुसु. आपल्या फुटणें-फोडणें, तुटणें-तोडणें, जळणें-जाळणें, बुडणें-बुडविणें यांसारख्याच ह्या जोड्या. एक अकर्मक, दुसरें सकर्मक. व्याकरणाच्या तासाला ही गोष्ट फार सोपी वाटते.

आम्हीं स्वतः ती चुकविली आहे. कृष्णाकांठच्या गांवीं आमचा वाडा होता. तो १९९२ सालच्या पावसांत पडला, असें आम्ही आजवर सर्वांस सांगत आलों. पावसांत पडली ती मागच्या पडवीची एक भिंत. उरलेला वाडा पुढच्या वर्षीं आम्हां तिघां भावांच्या सह्यांनीं पाडला गेला आणि जागा विकली गेली. आई त्यानंतर दोन वर्षें होती. ती ‘पडला’ असें एकदांही म्हणाली नाहीं. “पाडलांत,” एवढाच शब्द ती वापरी, आणि तोही रागानें नव्हे. संस्कृताच्या शिक्षकाचा मुलगा व स्वतः संस्कृताचा शिक्षक असून आम्ही बोलतांना एक काना गाळीत होतों.

जपानी भाषेंत कर्ता गाळण्याची सोय फार मोठी आहे. वाक्यांत कर्ता नसला तरी तें अपुरें वाटत नाहीं, आणि क्रियापदाच्या रूपावरूनही पुरुष किंवा वचन कळत नाहीं. शिवाय एक रचना अशी आहे कीं तिचें भाषांतर करतांना आम्ही थकलों. आपल्याकडे अकर्मक धातूचा कर्मणि प्रयोग होत नाहीं. संस्कृतांत फार तर भावे प्रयोग होतो, व त्यांत दुःख सोसणारास जागा नसते. जपानी भाषेंत ‘पाऊस पडला’ याचाही एक कर्मणि प्रयोग आहे. त्यांत पावसानें भिजलेला मनुष्य प्रथमेंत येतो. ‘मूल मेलें’ याचाही आहे. त्यांत बाप प्रथमेंत येतो, आणि वाक्याचा अर्थ होतो कीं मुलाचें मरण त्याच्यावर कोसळलें. घर जळलें, घर जाळलें, आणि ज्याच्यावर घर जाळलें जाण्याचा प्रसंग आला तो मनुष्य, अशीं तीन निरनिराळीं वाक्यें ती भाषा एका धातूवर उभीं करते. शेवटल्या वाक्यांत जाळणाऱ्याचें नांव घेतलेंच पाहिजे असें नाहीं. हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबॉम्बनें पोळलेल्यांस ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांतील ‘हि’ हें अक्षर याच सोसण्याचें आहे.

ही सोय दुःखाच्या कामीं येते तशी लपविण्याच्याही कामीं येते. १९४३ च्या फेब्रुवारींत जपानी सैन्य ग्वादलकॅनाल बेटावरून मागें हटलें. सरकारी पत्रकांत शब्द होता ‘तेन्शिन’, म्हणजे दिशा बदलून पुढें जाणें. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत आत्तु बेटावरील सुमारें अडीच हजारांची शिबंदी जवळजवळ सगळी कापली गेली. अशा प्रसंगास साधा शब्द आहे ‘झेन्मेत्सु’, समूळ नाश. आणि त्यांत तें विझविण्याचें अक्षर आहे. पत्रकांत आला ‘ग्योकुसाइ’, रत्नाचे तुकडे होणें. एका जुन्या चिनी ग्रंथांतून उचललेला हा शब्द फार देखणा आहे, आणि देखण्या शब्दाखालीं इतकीं प्रेतें झांकलीं गेल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस चटकन् आठवत नाहीं. १५ ऑगस्ट १९४५ रोजीं सम्राटांचें भाषण आकाशवाणीवरून लोकांनीं ऐकलें. त्यांत पराभव हा शब्द नव्हता, शरणागति हाही नव्हता. नाशाचे मात्र दोन होते आणि ते तोलून घातलेले होते. युद्ध चालूं राहिलें तर आपल्या जनतेचा ‘मेत्सुबो’ होईल, आणि मानवी संस्कृतीचा ‘हाक्याकु’ होईल, म्हणजे ती मोडून फेंकली जाईल. त्या दिवसास पुढें बहुतेक लोक ‘शूसेन’, युद्धसमाप्ति, म्हणूं लागले. ‘हाइसेन’, पराभव, असेंच म्हणावें असा आग्रह धरणारेही तेथें आहेत. दोन शब्दांमधला हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

असें असलें तरी त्या भाषेंत कर्ता घालावयाचाच असें कोणी ठरविलें तर भाषा आड येत नाहीं. १८९७ सालीं स्थापन झालेली यामाइची ही रोखेविक्रीची जुनी पेढी २४ नोव्हेंबर १९९७ रोजीं बंद झाल्याचें जाहीर झालें. हिशेबाच्या वह्यांबाहेर लपविलेला तोटा सुमारें दोनशें साठ अब्ज येनांचा निघाला होता. कागदोपत्रीं शब्द होता ‘स्वेच्छेनें व्यवसाय बंद करणें’. रस्त्यावरचा माणूस म्हणाला, ‘त्सुबुरेता’, चेंदली. पेढीचे अध्यक्ष नोझावा शोहेइ यांनीं वार्ताहरांपुढें उभें राहून ढसढसां रडत सांगितलें कीं, दोष आमचा आहे, नोकरवर्गाचा नाहीं. हे गृहस्थ त्या जागेवर येऊन चारच महिने झाले होते आणि तो तोटा त्यांच्या आधींचा होता. तरीही ‘आम्ही’ हा शब्द, जो जपानी माणूस शक्य तेथें गाळतो, तो त्यांनीं उच्चारला.

हिरोशिमा येथें तो गाळलेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर बॉम्ब पडला (हें वाक्य लिहितांना आमचीही लेखणी ‘पडला’ असेंच लिहून गेली), टाकला गेला. त्या वर्षाअखेर सुमारें एक लक्ष चाळीस हजार माणसें मेलीं. १९५२ च्या ऑगस्टमध्यें तेथें मृतांचें स्मारक उघडण्यांत आलें. त्याच्या दगडी पेटीवर जें वाक्य कोरलें आहे, तें हिरोशिमा विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारे प्राध्यापक साइका तादायोशि यांनीं लिहिलें. त्याचा भाव असा कीं, मृतांनीं शांत निजावें, कारण चूक पुन्हां करणार नाहीं. कोण करणार नाहीं, तें वाक्यांत नाहीं.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत राधाविनोद पाल हे तेथें गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे हे न्यायाधीश तोक्यो येथील युद्धगुन्ह्यांच्या न्यायासनावर बसले होते, आणि १९४८ सालीं सर्वच आरोपी निर्दोष आहेत असा निराळा निकाल त्यांनीं एकट्यांनीं दिला होता. वेदकालीन धर्मशास्त्रावर प्रबंध लिहिलेला हा गृहस्थ. कर्ता गाळलेलें वाक्य त्यांस खटकल्यावांचून कसें राहील? चूक कोणाची, असें त्यांनीं विचारलें. जपानी लोकांची म्हणावी, तर बॉम्ब त्यांनीं टाकला नव्हता. साइका यांनीं त्यांस पत्र लिहून कळविलें कीं, येथील कर्ता अखिल मानवजात आहे. पुढेंही हा वाद वारंवार उठत राहिला, व १९८३ सालीं स्मारकाजवळ तसा खुलासा करणारी पाटी लावण्यांत आली. साइका यांनीं स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरांत मात्र ‘आम्ही’ आहे. त्या भाषेंत कर्त्यावांचून वाक्य उभेंच राहात नाहीं, तेथें त्यांचा निरुपाय होता.

नातीस आम्हीं हें वाक्य मराठींत करावयास दिलें. तिनें प्रथम लिहिलें, ‘चूक पुन्हां होणार नाहीं.’ तें आम्हीं खोडलें; मूळ क्रियापद सकर्मक आहे, ‘होणें’ नव्हे ‘करणें’ आहे. मग लिहिलें, ‘चूक पुन्हां करणार नाहीं.’ आणि आम्ही दोघेंही वहीकडे पाहात राहिलों. ‘करणार नाहीं’ हें मीलाही चालतें, आम्हीला चालतें, तोलाही चालतें. संस्कृतांत ‘करिष्यामः’ म्हटलें कीं बोलणारे कोण हें प्रत्ययच सांगतो. मराठी त्या दगडाइतकीच मुकी राहूं शकते, हें आम्हांस या वयांत प्रथम कळलें. कर्ता घालावयाचा तर मराठींत पुन्हां दोन वाटा आहेत. ‘आम्ही’ म्हटलें तर वाचणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें तर तोही आंत येतो. साइका यांच्या पत्राप्रमाणें पाहतां ‘आपण’ योग्य. पाल यांस तें मानवलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें टाकला आणि ज्याच्यावर टाकला त्यांस एका सर्वनामांत बसविणें त्यांच्या न्यायबुद्धीस पटलें नसतें.

नातीनें ‘आपण’ असें लिहिलें, आणि तिच्या शेजारीं आम्हीं पेन्सिलीनें, खोडतां येईल असें, एक प्रश्नचिन्ह काढून ठेविलें आहे. तिच्या बाई पुढच्या मंगळवारीं वही पाहणार आहेत.